धाकाचा पेरू, माराचा पेरू

आमच्या डोंगरावरच्या चिवासोकेत पेरू येत नाही, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नाही. इथे बटाटा येतो, वाल येतो, आलुबुखार आणि नाशपती येते, आणि जानेवारीत जमिनीवर बर्फाची पापडी धरली की त्यातलंही निम्मं जळून जातं. माणसं बारा महिने लोकरीचा रुआना पांघरून असतात. अशा गावात अनातिल्दे रोआ नावाच्या बाईनं घरामागच्या पॉलिहाऊसमध्ये पेरूची तीन झाडं वाढवली, आणि वाढवून गप्प बसली नाही, त्यांना प्रश्न विचारला. झाडांची परीक्षा घेणारी बाई म्हणून तिची अजून टिंगल होते. टिंगल करणाऱ्यांना काय, जिभेला हाड नसतं.

ती मूळची खालची, मोनिकिराच्या उबदार उतारावरची. तिकडे पेरू कुणी लावत नाही, गाई लावतात. कुरणात पडलेला पेरू गाय खाते, चार पावलं पुढे जाऊन शेण टाकते, आणि पावसानंतर तिथे रोप उभं राहतं. सात वर्षांच्या अनातिल्देनं बापाला विचारलं, "गाईच्या पोटात न जाता पेरू उगवतो का हो बाबा?"

बाप पेरूच्या वड्यांच्या कारखान्यात तांब्याच्या कढईपाशी उभा राहून दिवसभर पाक घोटायचा. तो म्हणाला, "मला नाही बुवा माहीत. तुम्हीच बघा की."

आमच्या मुलखात बाप मुलीला, नवरा बायकोला आणि गुराखी गाईलाही अहो-जाहो करतो. भांडण झालं तरी अहो, कुत्र्याला हाकललं तरी अहो. तर अनातिल्देनं बघितलं. एका खड्ड्यात फळातलं बी पुरलं, दुसऱ्यात शेणातलं. दोन्ही उगवली, शेणातलं आठवडाभर आधी. तो आठवडा कुठून आला, ह्या विचारानं तिनं घरच्यांचं डोकं पुढे महिनाभर खाल्लं. आई म्हणायची, "ह्या मुलीला नवरा नको, मास्तर बघा."

पण मिळाला तो नवराच. बेलार्मिनो रविवारच्या बाजारात वरून बटाटा घेऊन यायचा. उंच, लाल गालांचा, विचारल्याशिवाय न बोलणारा. अनातिल्दे विचारायची, म्हणून तो बोलायचा, आणि आयुष्यात आपण इतकं बोलू शकतो ह्याचंच त्याला नवल वाटून त्यानं तिला मागणी घातली. एकोणिसाव्या वर्षी ती चिवासोकेला आली. पहिल्या सकाळी अंगणात स्वतःच्या तोंडातून वाफ निघताना पाहून ती घाबरली नाही. नाकातून वेगळी निघते का आणि ओठ आवळले तर किती लांब जाते, ते बघत उभी राहिली. सासू, दोन्या लेओवी, दारातून म्हणाली, "सूनबाई, इंजीन बघून झालं असेल तर गाईची धार काढायचीय."

सासू वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिखट होती. घर, गोठा, बाग, सगळं तिच्या शब्दावर चालायचं, आणि चालायचं चांगलं.

आमच्याकडे जूनमध्ये सान हुआनचा सण असतो, त्या सकाळी न फळणाऱ्या झाडाला तंबी देतात. ऊन शेंड्याला लागायच्या आत दोघांनी झाडापुढे उभं राहायचं. एकाच्या हातात कुऱ्हाड. तो म्हणतो, "हे फळत नाही, पाडतो." दुसरा असतो जामीन. तो म्हणतो, "थांबा, पाडू नका. पुढच्या वर्षी फळेल, मी जामीन राहतो." असं तीनदा. मग घरातली मोठी बाई झाडाला पट्ट्याचे तडाखे देते, आणि सगळे आत जाऊन गुळाचं गरम पाणी पितात. झाड ऐकतं, अशी श्रद्धा. निदान ऐकत नाही असं अजून कुठल्या झाडानं सांगितलेलं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्या सान हुआनला दोन्या लेओवीनं आलुबुखाराला मारलं, कोपऱ्यातल्या वांझ नाशपतीला मारलं, आणि तो पट्टा तसाच हातात धरून मागे वळली. सुनेच्या घागऱ्यावर तीन तडाखे ओढले. "आमच्या सूनबाईंनाही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वेगळी तिथी शोधायला नको!"

सगळे हसले. जोरात मारलं नव्हतं, थट्टाच होती, आणि थट्टा होती म्हणूनच कुणी मध्ये पडलं नाही. बेलार्मिनोही नाही. तो टोपी हातात घेऊन तिची कड नीट करत राहिला.

पुढच्या वर्षी नाशपती अशी फळली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. अनातिल्देला मूल झालं नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. सासू एखाद्या दुपारी नाशपती कापता कापता म्हणायची, "झाडाला समजलं. समजणाऱ्याला एकदा सांगून पुरतं."

दुसरी एखादी रडली असती, किंवा माहेरी गेली असती. अनातिल्दे रडलीही, नाही असं नाही. पण तिच्या डोक्यात एक प्रश्न जाऊन बसला आणि तो काही केल्या उठेना. नाशपती खरंच घाबरली म्हणून फळली का? भीतीनं फळ येतं का? आणि येत असेल, तर आपणच पुरेशा घाबरलो नाही का? हे तिनं कुणाला विचारलं नाही. सगळं जग विचारत सुटणाऱ्या बाईनं एवढी एकच गोष्ट एकतीस वर्षं पोटात ठेवली.

सासू गेली त्या वर्षी खालून बहिणीनं पेरूची पाटी पाठवली. वाटेत दोन-चार पेरू फुटले होते. अनातिल्देनं त्यांचं बी धुऊन, वाळवून, दुधाच्या डब्यांत लावलं आणि डबे चुलीवरच्या फळीवर ठेवले. अकरा रोपं आली. पहिल्या जानेवारीच्या थंडीतून त्यातली तीनच वाचली.

त्याच सुमारास बेलार्मिनोनं घरामागे निलगिरीचे वासे रोवून, वर प्लास्टिक ताणून, टोमॅटोसाठी पॉलिहाऊस उभं केलं होतं. उघड्यावर इथे टोमॅटो लाल होईपर्यंत माणूस म्हातारा होतो. अनातिल्देनं त्यातला पूर्वेचा कोपरा मागितला.

"किती दिवसांसाठी?" त्यानं विचारलं.

"कळल्याशिवाय कसं सांगू?"

त्यानं कोपरा दिला. मग तिनं तेलाची जुनी पिंपं काळी रंगवून पाण्यानं भरली आणि झाडांच्या मागे रांगेनं मांडली; दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ती ऊब सोडत. कोंबड्या गोठ्यातून उचलून पॉलिहाऊसमध्ये आणल्या, कारण तिच्या हिशोबानं चौदा कोंबड्या म्हणजे एक लहानशी शेगडी. प्लास्टिकला भोक पडलं की बेलार्मिनोच्या आधी तिला कळायचं. झाडं लाडात वाढली. पाच वर्षांत डोक्याच्या वर गेली, पानं तळहाताएवढी, हिरवीगार, दाट. आणि फूल? नावालाही नाही. एक कळीसुद्धा नाही.

"तुमच्या जंगलात एखादा वाघ सोडू का?" शेजारीण एदुविना विचारायची. तिच्या सहा पोरांपैकी चौघांची अनातिल्दे धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. एदुविनाचं तोंड म्हणजे गावचा दवंडीवाला, पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर सगळ्यात आधी भाकरी घेऊन जाणारीही तीच.

मे महिन्यात बेलार्मिनोनं विषय काढला. आधी दोन दिवस तो काढू का नको करत होता, हे अनातिल्देला दिसत होतं.

"पाच वर्षं झाली," तो म्हणाला.

"झाली."

"टोमॅटोच्या दोन ओळी बसतात तिथे."

"बसतात."

"सान रोकेच्या जत्रेपर्यंत बघू. ज्या झाडाला कळी येईल ते राहील. ज्याला येणार नाही ते काढू. ऑगस्टात रोपं लावली तर बरं पडेल."

सौदा रास्त होता. अनातिल्दे भांडली असती तर तिला बरं वाटलं असतं, पण भांडायला जागाच नव्हती. पाच वर्षं ह्या माणसानं एकदाही कोपरा परत मागितला नव्हता.

"तंबी द्या," एदुविनानं तोडगा काढला. "सान हुआन आलाच. दोन्या लेओवी असत्या तर पाच वर्षं अशी फुकट गेली असती का?"

सासू गेल्यापासून त्या घरात सान हुआनला पट्टा निघाला नव्हता. अनातिल्देनं काढू दिला नव्हता. दोन दिवस बटाटे सोलता सोलता तिचा हात मध्येच थांबायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "देऊ. पण माझ्या पद्धतीनं."

पद्धत अशी. झाडं तीन, एकाच पाटीतल्या पेरूची, एकाच वयाची. पहिल्याला नुसती धमकी द्यायची, कुऱ्हाड दाखवायची, पण बोट लावायचं नाही. दुसऱ्याला नुसता मार, शब्द एक नाही. तिसऱ्याला काहीच नाही, ना शब्द, ना मार. मग सान रोकेपर्यंत थांबायचं.

"म्हणजे काय होईल?" एदुविना.

"म्हणजे कळेल."

"काय कळेल?"

"कशानं येतं ते."

एदुविनानं डोळे वर केले. "कोमाद्रे, देवाची चाचणी घेऊ नये."

"देवाची नाही. पेरूची."

सान हुआनच्या सकाळी तिघं पॉलिहाऊसमध्ये शिरले. आत ओल्या मातीचा आणि कोंबड्यांचा वास कोंदला होता, प्लास्टिकवर आतून थेंब धरले होते. बेलार्मिनोच्या खांद्यावर कुऱ्हाड. त्यानं पहिल्या झाडापुढे उभं राहून घसा साफ केला आणि मग थांबला.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "झाडाला कान असतील तर तिसऱ्यालाही असतील. मी इथे ओरडलो की ते तिथे ऐकेल. मग त्याला काहीच नाही असं कसं होईल?"

अनातिल्देला स्वतःला हे सुचलं नव्हतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "कानात सांगा."

"कुणाच्या?"

"झाडाच्या."

तेव्हा तो सहा फुटी, साठीतला माणूस, कुऱ्हाड पोटाशी धरून, पेरूच्या खोडाला ओठ लावून कुजबुजला, "अहो, तुम्ही फळत नाही. पाडतो तुम्हाला." एदुविनाला हसू आवरेना. तिनं रुआनाचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसऱ्या बाजूनं वाकून पुटपुटली, "थांबा, पाडू नका, मी जामीन." दुसऱ्यांदा बेलार्मिनोनं कुऱ्हाडीचं पातं सालीला टेकवलं. तिसऱ्यांदा मात्र त्याचा आवाज खरोखरच असा आला की एदुविनाचं हसू थांबलं.

"छान घाबरवलंत हो," ती म्हणाली. "मीच घाबरले."

दुसऱ्या झाडाला मारायचं अनातिल्देनं. घरातली मोठी बाई आता तीच. बेलार्मिनोनं कमरेचा पट्टा काढून दिला. पहिला तडाखा तिनं असा मारला की पान हललं नाही. दुसरा जरा बरा. तिसऱ्यानंतर थांबायचं असतं. ती थांबली नाही. चौथा, पाचवा, आठवा. पानं उडाली, कोवळे शेंडे मोडले, कोंबड्या पिंपांमागे पळाल्या. तोंडातून एक शब्द नाही, नियम तिनंच घातला होता. तोंड घट्ट मिटून ती मारत राहिली, अन् झाड एका बाजूनं बोडकं झालं तेव्हा एदुविनानं तिचं मनगट धरलं.

"कोमाद्रे, पुरे. झाड आहे ते."

अनातिल्देला धाप लागली होती. बेलार्मिनो खाली वाकून एका कोंबडीला शोधत होता. कोंबडी त्याच्या पायाशीच होती.

तिसऱ्या झाडाभोवती तिनं बटाट्याच्या पोत्यांचा पडदा लावला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. पाणी पडद्याच्या बाहेरून नळीनं. बाईचा नियम म्हणजे नियम. सात आठवडे तिनं त्या पडद्याआड एकदाही डोकावलं नाही. तिच्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ते मला विचारा. पोस्टमनची वाट बघणं परवडलं.

सान हुआननंतर पाच दिवसांनी सान पेद्रोचा सण येतो; त्याच्या जेवणात भाजलेलं डुक्कर होतं, आणि बेलार्मिनोचं पोट बिघडलं. पंधरा दिवस तो सकाळी कुठे नाहीसा व्हायचा आणि चुलीवर काहीतरी उकळून प्यायचा. अनातिल्देनं विचारलं तर "काही नाही, पोट" एवढंच. तिचं लक्ष पॉलिहाऊसमध्ये होतं. रोज सकाळी ती धाकाच्या पेरूचं पान न पान बघायची, मग माराच्या पेरूचं.

जुलैच्या शेवटी माराच्या झाडाला बोडक्या बाजूनं नवे धुमारे फुटले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी धुमाऱ्यांच्या पानांच्या बेचक्यात हिरवे मणी दिसले. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कळ्या होत्या. नऊ.

एदुविनानं ही बातमी दुपारच्या आत चर्चच्या पायरीपर्यंत पोचवली. "मार! मार लागतो! धाकाच्या झाडाला काही नाही आणि माराच्याला नऊ! मी म्हटलं नव्हतं? दोन्या लेओवींचा हातच तसा होता, देव त्यांना स्वर्ग देवो."

बायका अभिनंदनाला आल्या. कुणी चीजचे गोल पाव आणले. अनातिल्देनं सगळ्यांना गुळाचं पाणी दिलं, हसली, कळ्या दाखवल्या. चिवासोकेत, थंडीच्या उरावर बसून, पेरूला कळी आली होती. एक झाड वाचलं होतं. आणि ती संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खालच्या मुलखातून आलेली, पिंपं काळी रंगवणारी, कोंबड्या मोजणारी बाई चुलीपुढे बसून निखाऱ्याकडे बघत राहिली.

तिला उत्तर हवं होतं आणि मिळालं होतं. सासूचं बरोबर होतं. धमकीनं नाही, पण मारानं येतं. नाशपतीला बसला तो खरा मार. आणि आपल्याला फक्त घागऱ्यावर तीन हलके, थट्टेतले. इतकी वर्षं त्या थट्टेचा राग धरला, आणि आता एक वाईट विचार मनात येऊन गेला, की थट्टा नसती तर? ह्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

"झालंय काय?" बेलार्मिनोनं विचारलं. "कळ्या आल्या ना?"

"आल्या."

"मग?"

"मग काही नाही."

प्रश्न विचारणारी गप्प झाली की घर भयाण वाटतं. बेलार्मिनो तिच्याभोवती दोन दिवस नुसता घुटमळला. बटाट्याला गेला नाही.

सान रोकेच्या दिवशी सकाळी, खाली गावात फटाके वाजत असताना, अनातिल्दे पॉलिहाऊसमध्ये गेली. ठरल्याप्रमाणे आज पडदा काढायचा होता. मागून बेलार्मिनो आला, कुऱ्हाड घेऊन, कारण ते झाडही ठरल्याप्रमाणे काढायचं असेल तर हत्यार लागणार. तिनं सुतळी सोडली आणि पोतं खाली पडलं.

तिसऱ्या झाडाला जुनं पान जवळजवळ उरलंच नव्हतं. आणि नव्या धुमाऱ्यांवर, खालपासून वरपर्यंत, कळ्या. ती मोजायला लागली. चोवीसपर्यंत मोजल्या आणि पुढे वर हात पुरेना. एक कळी तर उमललीसुद्धा होती, पांढरी, मध्ये केसरांचा झुबका.

"हे कसं?" ती म्हणाली. आवाज चढला. "ह्याला तर कुणी काहीच केलं नाही! ना धाक, ना मार! हे कसं?"

बेलार्मिनो काही बोलला नाही. आणि तो ज्या तऱ्हेनं बोलला नाही, त्यावरून अनातिल्देला कळलं.

"तुम्ही काय केलंत?"

"मी काही नाही केलं."

"बेलार्मिनो."

"पानं नेली थोडी."

"कशाला?"

"पोटासाठी. काढा. सान पेद्रोचं डुक्कर बाधलं होतं ना. तुमचीच आई म्हणायची, पोटाला पेरूचं पान." तो कुऱ्हाडीच्या दांड्यावरची गाठ खरवडत होता. "रोज पातेलंभर. मग बरं वाटायला लागलं तरी घेत राहिलो, चव लागली."

"ह्याच झाडाची का? नियम माहीत होता तुम्हाला!"

"मग कुठली घेऊ? दुसऱ्याला तुम्ही आधीच अर्धं बोडकं केलं होतं. आणि पहिल्यापाशी जायची मला लाज वाटायची."

"लाज?"

"त्याला मी पाडतो म्हणालो होतो. मग त्याचंच पान तोंड वर करून कसं मागू?"

अनातिल्दे खाली उलट्या घातलेल्या पाटीवर बसली. आधी तिला त्याचा असा संताप आला की पट्टा हाताशी असता तर सान हुआन पुन्हा झाला असता. सात आठवडे डोळे मिटून राहायचं, आणि ह्या माणसानं काढा करून प्यावा! मग हळूहळू तिचं डोकं चालायला लागलं. चाललं की ते थांबत नाही.

तिसऱ्याची पानं गेली. दुसऱ्याची पानं गेली, जिथे पट्टा बसला त्याच बाजूची. ती उठली, माराच्या झाडाला फेरी घातली. मागच्या बाजूला, जिथे तिचा हात पोचला नव्हता, जुनी पानं होती तशी होती आणि कळी एक नाही. मग ती धाकाच्या झाडापाशी आली. सगळी पानं जागच्या जागी, तळहाताएवढी, हिरवीगार. मणी एकही नाही.

"पान गेलं की नवा धुमारा फुटतो," ती हळू म्हणाली. "आणि कळी नव्या धुमाऱ्यावर येते. एवढंच. मार नव्हे हो. पान पट्ट्यानं गेलं काय, तुमच्या काढ्यासाठी गेलं काय, झाडाला सारखंच."

"आणि धाक?"

"धाक ह्याला दिला होता." तिनं पहिल्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. "ह्याला विचारा."

बेलार्मिनोनं झाडाकडे बघितलं. कळी नसलेलं ते एकच होतं, आणि सौद्याप्रमाणे तेच पाडायचं होतं. त्यानं कुऱ्हाड उचलली नाही.

"आईनं नाशपतीला मारलं तेव्हा पानांचा खच पडला होता," तो म्हणाला. "मीच झाडला होता."

"मला आठवतंय."

"म्हणजे ती घाबरून नव्हती फळली."

"नव्हती."

ती रडत होती. तिला ते लपवावंसं वाटलं नाही. "एकतीस वर्षं," ती म्हणाली, "एकतीस वर्षं मला वाटत होतं, नाशपती घाबरली आणि मी नीट घाबरले नाही. म्हणून आपल्याला मूल नाही. शहाण्या बाईला असं वाटावं का? पण वाटत होतं. भाकरी थापताना वाटायचं, चर्चमध्ये वाटायचं. मार हलका बसला म्हणूनही वाटून गेलं, परवाच."

बेलार्मिनो तिच्या शेजारी उभा होता. त्याला हे कधी माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. गावातून फटाक्यांची माळ वाजली, कोंबड्या फडफडल्या. तो ते सगळं शांत होईपर्यंत थांबला.

"मी आईच्या हातातून पट्टा घ्यायला हवा होता," तो म्हणाला.

"हवा होता," अनातिल्दे म्हणाली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही.

तिनं रुआनाच्या टोकानं डोळे पुसले, खालची पाटी सुलटी केली आणि धाकाच्या झाडाखाली ठेवली. खालच्या फांदीचं पान खुडलं, मग त्याच्या वरचं. बेलार्मिनोला न सांगता कळलं. कुऱ्हाड पिंपाला टेकवून तो दुसऱ्या बाजूला गेला आणि उंच फांद्या ओढून पानं काढायला लागला. पाटी अर्धी भरली.

"खूप लागलं होतं का?" त्यानं फांदीआडून विचारलं.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यानं आपण होऊन तिला विचारलेला, बटाट्याचा नाही आणि टोमॅटोचा नाही असा, हा पहिलाच प्रश्न. अनातिल्देचा हात थांबला. तिनं नीट विचार केला, कारण प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं असतं.

"पट्टा नव्हता लागला," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलला नाहीत, ते लागलं."